गुणीत असेल ते वजा

त्या प्रयोगशाळेत शब्द चालायचा तो गुणीचा. बाई प्रमुख होत्या, दारावर पाटी त्यांची होती, भाषणांची आमंत्रणं त्यांना यायची, पण एखाद्या गोष्टीचा निकाल लावायची वेळ आली की सगळे एकच विचारायचे, "गुणी काय म्हणते?"

गुणी म्हणजे कोणी माणूस नव्हे, निदान तिथले लोक तसं धरून चालायचे. कधीकाळी एका निरोगी बाईचं रक्त घेतलं होतं, त्यातल्या पेशींवर थोडे सोपस्कार करून त्यांना मरणच विसरायला लावलं होतं, आणि तेव्हापासून त्या उबवणीच्या कपाटात, अंगाला असते तेवढ्या उबेत, सपाट बाटल्यांमधल्या गुलाबी पाण्यात वाढत होत्या. बाटली भरली की निम्म्या दुसऱ्या बाटलीत टाकायच्या. त्या बाटल्यांवर नाव नव्हतं, आडनाव नव्हतं. फक्त 'गुणी'.

प्रयोगशाळेचं काम होतं कर्करोग घराण्यातून कसा उतरतो ते शोधायचं. ऐकायला भारदस्त वाटतं, प्रत्यक्षात ते निवडण-टिपणाचंच काम. कोणत्याही माणसाच्या जनुकांत हजारो बारीकसारीक फरक असतात आणि त्यातले बहुतेक गालावरच्या तिळाइतके निरुपद्रवी. एखाद्या घरात बायकांमागून बायका आजारी पडतायत, तर त्या गर्दीतून रोगाचा फरक उचलायचा कसा? तिथे गुणी कामी यायची. घरात जे फरक सापडतील त्यातले जे गुणीतही असतील ते सरळ टाकून द्यायचे, कारण गुणी धडधाकट. मागे उरेल त्याच्यावर संशय घ्यायचा. नव्याने कामाला आलेल्या प्रत्येकाला बाई पहिल्याच दिवशी हे घोकून घ्यायच्या. "गुणीत असेल ते वजा. डोळे मिटून वजा. तिथे अक्कल चालवायची नाही."

आणि हे काम बाईंनी असं काही केलं होतं की नावं ठेवायला जागा नव्हती. हिरव्या टोपणांचं घर त्यांनीच सोडवलं. तिथे घरांना नावं नसत, नळ्यांच्या टोपणांचे रंग असत, म्हणजे कोण कोणाचं कोण हे हाताळणाऱ्याला कळू नये. हिरव्या घरातला दोष बाईंनी शोधला, त्यामुळे त्या घरातल्या पोरी वेळेवर तपासणीला लागल्या, आणि त्यातली एक दरवर्षी फुलं घेऊन यायची. बाई ती फुलं काचेच्या चंचुपात्रात ठेवायच्या आणि दिवसभर चिडचिड करायच्या. कौतुक त्यांना झेपत नसे.

प्रयोगशाळेतली आकडेमोड एक गृहस्थ बघत. सगळे त्यांना आकडेशास्त्री म्हणत. टक्कल, खुर्चीवर एक पाय दुमडून बसायची खोड आणि दुसऱ्याच्या चुका सापडल्या की लहान मुलासारखा होणारा आनंद. जुन्या घरांची माहिती नव्या पद्धतीने तपासून बघायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. एका सकाळी त्यांनी बाईंना हाक मारली.

"मॅडम, बसा."

"उभी बरी आहे. काय झालं?"

"बसा हो. तुमच्या गुणीचे प्रताप सांगतो."

बाई बसल्या नाहीत. आकडेशास्त्रींनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "मी काय केलं, गुणीला बाजूला ठेवलं. आता लाखो लोकांची माहिती उपलब्ध आहे, एकटीच्या शब्दावर कशाला विसंबायचं? तर जांभळ्या घरात हे निघालं. डीएनए तुटला की जोडणारा जनुक, आणि तो मधूनच छाटलेला. त्या घरातल्या दोन्ही आजारी बायकांत आहे. दुनियेत आणखी कुठे नाही. याहून सरळ केस मी पाहिली नाही."

जांभळं घर म्हटल्याबरोबर बाईंचा हात खुर्चीच्या पाठीवर गेला. "मग तेव्हा कसा निसटला?"

"निसटला कुठे? आपणच टाकून दिला. गुणीत आहे ना तो!" आकडेशास्त्री खूश होऊन हसले. "म्हणजे बघा, ज्या बाईला आपण इतकी वर्षं डोक्यावर घेऊन नाचलो तिच्याच पोटात पाप. लाखोंत नसलेली गोष्ट नेमकी दोन ठिकाणी. नातं असल्याशिवाय असं होत नाही म्हणतात, पण गुणीचं आणि त्या घराचं नातं कुठून येणार? योगायोगच म्हणायचा." मग त्यांचं हसू जरा ओसरलं. "पण काय हो, ही गुणी आहे कोण? दोष असून रोग न झालेलेही असतात, पण जिवंत असेल तर बिचारीला कळवायला हवं. तिला, तिच्या घरच्यांना. पोरीबाळी असतील."

"बघते," बाई म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या. आपल्या खोलीत आल्या, दार लावलं आणि टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या. पायाखालची जमीन सरकली असं आपण सहज म्हणतो. बाईंना खरोखरच वाटलं की जमीन धरून ठेवायला हवी.

गुणी म्हणजे त्याच होत्या.

तेव्हा त्या बाई नव्हत्या, नुकती शिकायला आलेली काटकुळी पोरगी होत्या. प्रयोगशाळा त्यांच्या सरांची होती, नवी होती, आणि सरांना तुलनेसाठी निरोगी रक्त हवं होतं. "कोण देतं?" त्यांनी विचारलं. बाकीचे एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले, हिने बाही वर केली. "शाबास, गुणी पोर आहे," सर म्हणाले आणि गमतीने तेच नळीवर लिहिलं. माणसं बदलली, सर वारले, नाव राहिलं. गुणी म्हणजे आपण हे बाई विसरल्या होत्या असं नाही. कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं आणि ऐन वेळी ध्यानात असणं वेगळं. भिंतीवरच्या घड्याळाकडे आपण रोज बघतो, ते कोणी आणून टांगलं हे कोणाच्या मनात येतं? गुणी तशी होऊन बसली होती. ती कोणाची मुलगी नव्हती, कोणाची बहीण नव्हती. निरोगी होती, बस्स.

आणि जांभळं घर म्हणजे ताईचं.

ताई त्यांची सख्खी बहीण, चार वर्षांनी मोठी, शाळेत भूगोल शिकवायची. आवाज असा की शेवटच्या बाकावरचा झोपलेला पोरगाही दचकून उठावा. तिला स्तनाचा कर्करोग झाला तेव्हा ती पन्नाशीलाही आली नव्हती. वडिलांची बहीण, म्हणजे दोघींची आत्या, त्यानेच गेली होती. तेव्हा माहीत असलेले सगळे दोष इस्पितळाने तपासले, काही निघालं नाही. मग बाईंनी कंबर कसली. आत्याच्या गाठीचा तुकडा इस्पितळाने मेणात जपून ठेवला होता तो मिळवला. ताईचं रक्त घेतलं, गाठ घेतली. ताईच्या मुलीचंही रक्त तिला विचारून घेऊन ठेवलं, पुढे लागलं तर असावं म्हणून. नळ्यांना जांभळी टोपणं लावली, नावं काढून टाकली. नियम म्हणजे नियम. बहीण आहे म्हणून हात कचरायला नको, निकालाला माया चिकटायला नको. मग जांभळ्या घरातून गुणी वजा केली.

काहीच उरलं नाही.

पडद्यावर दोन बहिणी शेजारी शेजारी होत्या. त्यांना ओळखू शकेल असं जगात एकच माणूस होतं, आणि त्या माणसाने ओळखलं नाही.

ताईचे उपचार समोरच्याच इस्पितळात चालायचे. औषध चढवून झालं की ती पटांगण ओलांडून प्रयोगशाळेत यायची, बाईंच्या मागच्या उंच स्टुलावर बसायची आणि घरी जायची वाट बघायची. डोक्याला रुमाल, ओल्या उशीसारखा पडलेला चेहरा, पण तोंड सुरूच. पडद्यावरच्या रंगीत रेघा बघून म्हणायची, "हा कुठला नकाशा गं? ना नदी, ना डोंगर. यात मी कुठे आहे ते तरी दाखव." आणि थोड्या थोड्या वेळाने, "झालं का गं?"

"होईल गं. थांब ना."

"मी थांबते. मला कुठे घाई आहे," ताई म्हणायची आणि हसायची. त्या विनोदाला बाई कधी हसल्या नाहीत.

ताई गेली. तिच्या छातीतली गाठ मात्र तळघरात, नायट्रोजनच्या पिंपात, अजून जशीच्या तशी होती. वितळवली असती तर पुन्हा वाढायला लागली असती. ज्याने तिला नेलं तेवढंच तिचं मागे राहिलं होतं, ही गोष्ट बाईंना इतक्या वर्षांत एकदाही भेसूर वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली.

पण खरा काटा आणखी खोल होता. ताईच्या मुलीला घरात छकुली म्हणत. आई गेली तेव्हा ती कॉलेजात होती. इस्पितळाच्या डॉक्टरांनी तिला बजावलं होतं की तिने तिशीच्या आधीपासूनच दरवर्षी तपासणी करून घ्यावी. ती धाय मोकलून रडत बाईंकडे आली होती. मला पण होणार का मावशी, आईसारखं माझं पण होणार का? बाईंनी तिला पोटाशी धरलं आणि सांगितलं, "नाही गं राजा. मी स्वतः तपासलंय. आपल्या घरात तसलं काही नाही. आईच्या बाबतीत वाईट योग होता, बस्स. तू निर्धास्त राहा." दर वर्षी ते यंत्र आणि तो धसका कशाला, असंही त्याच म्हणाल्या होत्या. आणि छकुली निर्धास्त राहिली. इतकी की आईचं दुःख मागे टाकून ती पोहायला शिकवू लागली, तरण तलावावर पोरांना ओरडू लागली, अगदी आईच्या आवाजात. मावशीचा शब्द म्हणजे तिला काळ्या दगडावरची रेघ. कोणी काळजीने विचारलं तर ती अभिमानाने सांगायची, "माझ्या मावशीने तपासलंय."

आईला जो दोष होता तो मुलीत असायची शक्यता निम्मी. नाणं उडवून बघण्यासारखं. बाईंना हे लहान मुलालाही समजावता आलं असतं. स्वतःला समजावता येईना.

पुढचे काही दिवस बाई कामावर येत होत्या, बोलत होत्या, सह्या करत होत्या, पण त्यांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. उबवणीच्या कपाटासमोरून जाताना त्या वाट वाकडी करायच्या. आत आपण आहोत ही कल्पनाच सहन होईना. इथे केस पिकलेत, गुडघे कुरकुरतायत, आणि आत ती काटकुळी पोरगी अजून जिवंत आहे, बाही वर करून बसलीय, गुलाबी पाण्यात दुपटीने वाढतेय, आणि आलेल्या प्रत्येकाला सांगतेय की मी ठणठणीत आहे. एकदा त्यांनी बाटली सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पेशी गोल, चकचकीत, घोळक्याने बसलेल्या, बघणाऱ्याला दृष्ट लागेल अशा. त्यातल्या प्रत्येकीत तो छाटलेला जनुक होता. बाईंनी बाटली पटकन परत ठेवली आणि हात धुतले, मग पुन्हा धुतले.

आणि स्टूल. ते स्टूल त्या खोलीत अजून होतं. पाठमोरं बसलं की बाईंना वाटायचं, त्यावर कोणीतरी आहे. बाई भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या. अशा गोष्टी सांगणाऱ्यांची त्या भर सभेत खिल्ली उडवायच्या. तरी मान वळवायचं धाडस होईना. भर दुपारी, बाहेर माणसांची वर्दळ असताना, पाठीमागून कपड्यांची सळसळ यायची, औषध चढवून आलेल्या माणसाच्या अंगाला येतो तो धातूसारखा वास यायचा. काही बोलणं ऐकू येत नसे. बोलली असती तर बरं झालं असतं. ती नुसती थांबलेली असायची.

आकडेशास्त्री मधूनच डोकावायचे. "मॅडम, गुणीचं काही कळलं का?"

"शोधतेय."

"नाही म्हणजे, उशीर व्हायला नको हो."

शेवटी बाईंच्या मनात ते आलं. आलं म्हणजे पहिल्या दिवसापासूनच होतं, फक्त त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. छकुलीच्या रक्ताची नळी अजून शीतकपाटात होती. ती काढायची. वितळवायची. तो एकच जनुक बघायचा, एका दिवसाचं काम. आणि दोष नसेलच तर? मग कोणाला काही सांगायची गरजच काय? पोर सुटली असेल तर तिला कशाला छळायचं? ती जन्मभर मावशीचं नाव अभिमानाने घेत राहील आणि मावशी तेवढ्यापुरती खरी ठरेल. नमुना देणाऱ्याला विचारल्याशिवाय त्याची नळी उघडायची नाही, हा नियम बाईंनीच केला होता आणि तो मोडला म्हणून एका चांगल्या मुलाला त्यांनीच घरी बसवलं होतं. पण आता बाईंना नियमाचं काय होतं? त्यांना पोर हवी होती. आणि खरं सांगायचं तर, पोरीच्या डोळ्यांतली मावशी हवी होती.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा त्यांनी जाड हातमोजे घातले आणि शीतकपाट उघडलं. गार वाफ पायांवर सांडली. जांभळी टोपणं तळाच्या खणात होती. तीन नळ्या. आत्या, ताई, छकुली. तिसरी उचलून त्या आपल्या जागेवर आल्या, हातमोजा काढला आणि नळी मुठीत धरली, वितळायला. नळीवरचं बर्फ हाताला चावलं. मग ओल झाली. मग आतला लालभडक गोळा कडेने सुटू लागला.

पाठीमागे स्टूल करकरलं.

या खेपेला बाई वळल्या. स्टूल रिकामं होतं. रिकामं स्टूल बघून माणसाला हायसं वाटावं, बाईंच्या मात्र डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. कारण ती खरंच नव्हती. तिला सांगायचं म्हटलं तरी सांगायला ती नव्हती. तिच्या पोरीचं रक्त चोरासारखं मुठीत दाबून आपण बसलोय आणि रागवायलासुद्धा कोणी नाही, हे बाईंना झेपलं नाही. त्यांनी दुसऱ्या हाताने फोन उचलला.

"छकुली, येतेस जरा? प्रयोगशाळेत."

"आत्ता? काय झालं मावशी? बरी आहेस ना?"

"ये तू. फोनवर नको."

छकुली तासाभरात आली. केस ओले, खांद्यावर तलावावरची पिशवी, अंगाला क्लोरिनचा वास. आल्या आल्या तिने सवयीने स्टूल ओढलं आणि बसली.

मग त्यांनी सांगितलं. गुणीपासून सुरुवात केली, बाही वर केली तिथपासून. आडवळणं घेतली नाहीत. मोठी भाषणं गाजवलेली बाई, पण त्या दिवशी वाक्यं तुटत होती. छकुली शांतपणे ऐकत होती. तिला हे विषय लहानपणापासून कानावरून गेलेले, समजायला वेळ लागला नाही.

"म्हणजे आईला जे होतं ते तुझ्यातही आहे," ती म्हणाली.

"हो."

"आणि तुझ्यात आहे म्हणून तुम्ही ते आईतून काढून टाकलंत."

"हो."

"आणि मला सांगितलंत काही नाहीये."

"मी सांगितलं. दुसऱ्या कोणी नाही."

छकुलीची नजर टेबलावर गेली. जांभळ्या टोपणाची नळी तिथे ओल्या डागात पडली होती. "हे काय आहे?"

खोटं बोलायला तेवढी एक फट होती. बाईंनी ती पाहिली आणि सोडून दिली. "तुझं रक्त. तेव्हाचं. तुला न विचारता बघणार होते."

"बघितलंस?"

"नाही."

"आणि बघितलं असतंस, आणि नसतं निघालं माझ्यात, तर? बोलावलं असतंस मला?"

बाईंनी नळीखालचा ओला डाग बोटाने पुसला.

"मावशी, मी तुला विचारतेय."

"नसतं बोलावलं," बाई म्हणाल्या.

छकुली उठली. खिडकीशी गेली, परत आली, पिशवी खांद्यावर घेतली, खाली टाकली. बाईंना वाटलं आता ती ओरडेल, ताईसारखी, सगळी इमारत ऐकेल अशी. ओरडली असती तर बाईंनी दोन्ही हात पसरून घेतलं असतं. पण तिचा आवाज अगदी बारीक निघाला.

"मला एक गाठ लागतेय."

"काय?"

"उन्हाळ्यापासून. पोहण्याचा पोशाख चढवताना हाताला लागली. सोबतच्या बायका म्हणाल्या दाखव. मी म्हटलं, काही नसणार. माझ्या मावशीने तपासलंय." तिने हे असं सांगितलं की त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर सोसता आला असता.

उन्हाळा सरून थंडी पडली होती.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

छकुलीने त्यांचा हात धरला, गार पडलेला, आणि सदऱ्याच्या आत नेऊन डाव्या बाजूला, काखेच्या खाली टेकवला. "इथे. दाब. लागलं का?"

लागलं. वाटाण्याहून थोडं मोठं, कातडीच्या आत, आपल्याच ठिकाणी बसलेलं. बाईंनी जन्मभर गाठींवरच काम केलं होतं. मेणातल्या, बर्फातल्या, काचेवर रंगवलेल्या, आकडे होऊन पडद्यावर आलेल्या. त्यांचं पोट भरलं ते गाठींवर, नाव झालं ते गाठींवर. पण जिवंत बाईच्या अंगातली गाठ त्यांच्या बोटांनी आजवर शिवली नव्हती, ताईची सुद्धा नाही. ती एवढी ऊबदार असते हे त्यांना माहीत नव्हतं. सरकणारी असली तर चांगलं, न सरकणारी असली तर वाईट, असं कुठेतरी वाचलेलं आठवलं, आणि ही सरकतेय की आपलं बोट थरथरतंय ते कळेना.

"काय वाटतं तुला?" छकुलीने विचारलं. एवढं सगळं ऐकूनही तिने ते विचारलं, आणि त्याच डोळ्यांनी विचारलं, कॉलेजातल्या त्या पोरीच्या. तिला एक वाक्य हवं होतं. ते कसं म्हणायचं हे बाईंना चांगलं माहीत होतं.

"मला नाही कळत," बाई म्हणाल्या. "खरंच कळत नाही गं. चल. आत्ताच चल."

पटांगण ओलांडून दोघी समोर गेल्या. बाई पुढे आणि छकुली दोन पावलं मागे, बरोबर नाही. इस्पितळात ओळखीची माणसं बाईंना नमस्कार करत होती, मॅडम इकडे कुठे म्हणून विचारत होती. बाईंनी कोणालाच उत्तर दिलं नाही. त्यांनी ओळख सांगून रांग मोडली, आयुष्यात पहिल्यांदा.

आत एक तरुण डॉक्टर बसली होती. तिने छकुलीला पडद्याआड नेऊन तपासलं, बाहेर आणून बाकावर बसवलं, लगेच यंत्राखाली घ्यायला हवं म्हणाली. चेहऱ्यावरून काही पत्ता लागू दिला नाही. मग मान खाली घालून नेहमीचे प्रश्न सुरू केले. वय, पाळी, मुलंबाळं, काही औषधं चालू आहेत का. बाई दाराशी उभ्या होत्या.

"घरात आणखी कोणाला?"

छकुलीने तोंड उघडलं. तिचं उत्तर पाठ होतं, पंधरा वर्षं तिने ते एकच उत्तर दिलं होतं. ते ओठांपर्यंत आलं आणि थांबलं.

"हिला विचारा," ती म्हणाली.

"हिच्या आईला," बाई म्हणाल्या. "आणि आईच्या आत्याला. दोघी गेल्या."

"आनुवंशिक आहे का ते बघितलंय कधी?"

"बघितलंय. आहे."

"जनुक माहीत आहे? पक्कं? कोणात सापडलंय?"

"त्या दोघींत," बाई म्हणाल्या. दाराची चौकट त्यांनी घट्ट धरली होती. "आणि माझ्यात."

डॉक्टरने लिहिता लिहिता मान वर केली आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं, मोठ्या शास्त्रज्ञ बाईंकडे बघतात तसं नव्हे, दारात आलेल्या पेशंटकडे बघतात तसं. "तुमची तपासणी शेवटची कधी झाली?"

"कधीच नाही."

"मग उभ्या का? बसा. तुमचंही बघावं लागेल."

छकुलीने बाईंकडे पाहिलं नाही. पण ती बाकावर सरकली.